पोहण्याचा तलाव : काळजी हिटरची, हेळसांड डोळ्यांची

परीक्षा संपल्या की पोहण्याच्या शिबिरांना गर्दी होते आणि आठवड्याभरात लाल डोळ्यांची मुले दवाखान्यात दिसू लागतात. सोबत आलेल्या पालकांचे निदान आधीच ठरलेले असते, "डॉक्टर, तिथे क्लोरिन फार टाकतात हो!"

हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. तलावाजवळ जाताच नाकात शिरणारा, डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास मोकळ्या क्लोरिनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि (स्पष्टच लिहितो) लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन 'क्लोरामाइन' नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे वास जितका उग्र, तितका जंतू मारण्यासाठी शिल्लक असलेला क्लोरिन कमी असण्याची शक्यता अधिक. बंदिस्त तलावात हीच हवा छातीत जाऊन दमेकऱ्यांना खोकला आणते.

दुसरा भाग पाण्याच्या आम्लतेचा. आम्लता 'पी.एच.' या आकड्याने मोजतात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्कली. आपल्या अश्रूंचा पी.एच. सुमारे ७.४ असतो आणि तलावाचे पाणी साधारण ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावे असे सांगतात. यात डोळ्यांची सोय आहेच, पण क्लोरिनचीही आहे. पी.एच. ७.५ असताना मोकळ्या क्लोरिनपैकी जवळजवळ निम्मा जोरकस जंतुनाशक रूपात असतो, तो ८ वर गेला की जेमतेम पाव हिस्सा उरतो. पावडरीची पोती तेवढीच रिकामी होतात, काम मात्र अर्धेच होते.

आता हिटरकडे वळू. आपल्याकडे पूर्वी तलावाला हिटर ही कल्पनाच नव्हती. आता हॉटेले, क्लब, मोठ्या गृहसंकुलांतही तो दिसतो. यांपैकी पुष्कळ हिटरमध्ये पाणी तापवणारी नळी तांब्याची असते. पाणी आम्ल झाले की ते तांबे खाऊ लागते. विरघळलेले तांबे पुढे भिंतींवर, पायऱ्यांवर, फरशीच्या सांध्यांत निळसर-हिरवे डाग होऊन बसते. शेवाळ मारण्यासाठी टाकलेल्या मोरचुदानेही असेच डाग पडतात. मोरचूदही तांब्याचेच, हे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या बागायतदारांना सांगायला नको.

पहाटेच्या बॅचला येणाऱ्या, केस पांढरे झालेल्या आजोबांच्या डोक्यावर कधीकधी हिरवट झाक येते. तिचा दोषही लोक क्लोरिनला देतात; मुळात ते तांबे असते. काळ्या केसांत ते दिसत नाही इतकेच.

असा डाग पडला की व्यवस्थापक मंडळी घासणाऱ्याला बोलावतात. हिटर फुटला की तातडीची सभा होते आणि नवी नळी येते. पण ज्या पाण्याने तांबे खाल्ले त्याच पाण्यात रोज तास-तासभर मुले डोळे उघडून पोहत होती, हा विषय सभेत निघत नाही. तांबे महाग आहे, त्याचे बिल येते. मुलांच्या डोळ्यांचे बिल पालक भरतात.

हा धोका केवळ डोळ्यांचा नाही. १९८२ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका क्लबच्या जलतरणपटूंच्या दातांवरचे कवच झिजलेले आढळले. चौकशीत तलावाच्या पाण्याचा पी.एच. २.७ निघाला. व्हिनेगरच्याच जवळपासचा म्हणा! तेथे क्लोरिन वायूच्या रूपात सोडत असत आणि वायूने पाणी आम्ल होते. दात झिजल्याच्या तक्रारी न पोहणाऱ्या सभासदांत ३ टक्के होत्या, तर स्पर्धेसाठी सराव करणाऱ्यांत ३९ टक्के. झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही.

आपल्याकडे उलटी बाजूही तितकीच दिसते. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यात ब्लीचिंग पावडर टाकली की चुना आणखी वाढतो आणि पी.एच. चढतो. पाणी तापले की हा चुना आधी हिटरमध्येच बसतो, घरच्या गिझरमध्ये बसतो तसाच. नळीवर पांढरा थर चढतो, वीज जास्त जळते, पाणी धुरकट दिसते. धुरकट पाण्यात तळाशी गेलेले मूल काठावरून दिसत नाही, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी भीती आहे. शिवाय चढलेल्या पी.एच.मुळे क्लोरिन दुबळा होऊन कान फुटणे, डोळे येणे यांना वाट मोकळी होते. पाण्यात लोह असेल तर क्लोरिन पडताच तपकिरी डाग उमटतात. ते दिसायला वाईट, पण शरीराला त्रास देणारे नाहीत. त्यासाठी घाबरू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे : प्रत्येक तलावाच्या दाराशी फळा असावा आणि त्यावर दिवसातून किमान दोनदा पी.एच. व मोकळा क्लोरिन यांचे आकडे वेळेसह लिहावेत. क्लोरिन लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली नको. ग्रामपंचायतीत वापरतात ती ओ.टी.ची पिवळा रंग देणारी चाचणी इथे पुरेशी नाही, कारण ती मोकळा आणि बांधला गेलेला क्लोरिन एकत्रच दाखवते. त्यासाठी 'डी.पी.डी.' गोळ्यांचा संच मिळतो. हिटरच्या दुरुस्तीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. "आमचा माणूस पाणी बघून सांगतो" हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. नुसत्या डोळ्याला पी.एच. दिसत नाही, भल्या अनुभवी माणसालाही नाही.

पालकांनी फी भरण्यापूर्वी हा फळा मागावा. तळाची फरशी काठावरून स्वच्छ दिसते का, पाहावे. पायऱ्यांवर निळे-हिरवे डाग असतील तर कारण विचारावे. मुलांना आधी लघवीला पाठवून, साबणाने आंघोळ घालूनच पाण्यात सोडावे आणि चष्मा जरूर द्यावा. डोळे लाल झाले तर साध्या पाण्याने धुवावेत. घरात पडून राहिलेले जुने थेंब, विशेषतः स्टिरॉइडचे, घालू नयेत. दुखणे, चिकट स्राव, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आणि तलावावर काम करणाऱ्या भावांसाठी : पी.एच. उतरवायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका खोलीत शेजारी ठेवू नका, एका बादलीत तर कधीच कालवू नका. त्यातून निघणारा क्लोरिन वायू मिनिटांत फुप्फुसे जाळतो. पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नव्हे, आणि तेही तलावात कोणी नसताना.