वादळाचा इशारा पोहोचतो; अंथरुणाला खिळलेल्यांची यादी कुठे आहे?

लक्ष्मीबाई नगर (नवी दिल्ली) : दक्षिण दिल्लीतील या वसाहतीपासून जवळच, लोधी रस्त्यावर भारतीय हवामान विभागाचे मौसम भवन आणि सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे मुख्यालय आहे. चक्रीवादळाचा अंदाज हवामान विभाग वर्तवतो. प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा तो इशारा ठरावीक क्षेत्रातील मोबाइलधारकांपर्यंत नेते. मात्र त्या क्षेत्रातील कोणता रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाही, हे इशाऱ्याला ठाऊक नसते.

ही माहिती हाताशी असली की काय साधते, हे मुंबईने मे २०२१ मध्ये अनुभवले. ‘तौक्ते’ चक्रीवादळापूर्वी महापालिकेने वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड येथील तात्पुरत्या कोविड केंद्रांतील ५८० रुग्ण अन्य रुग्णालयांत हलवले. १७ मे रोजी वादळ किनाऱ्यालगत सरकत असताना कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला. आदल्या वर्षी ‘निसर्ग’च्या वेळीही वांद्रे-कुर्ला संकुलातील रुग्ण वरळीला नेण्यात आले होते. दोन्ही वेळी अंदाजामुळे अवधी मिळाला; पण तो कामी आला, कारण प्रत्येक रुग्णाची नोंद होती.

खासगी वृद्धाश्रम, दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रे आणि घरीच प्राणवायूच्या यंत्रावर असलेले ज्येष्ठ यांच्याबाबत अशी तयारी गृहीत धरता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि त्यांना धोक्याची पूर्वसूचना देणे ही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जबाबदारी आहे. परंतु पक्षाघाताने वा वार्धक्याने अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असतेच असे नाही. नेमकी हीच माणसे नोंदीबाहेर राहण्याची भीती आहे.

सर्वांना सरसकट हलवणे हाही उपाय नव्हे. अतिवृद्ध व गंभीर रुग्णांसाठी प्रवासाचा ताण जिवावर बेतू शकतो, तर जागेवर ठेवायचे झाल्यास वीजपुरवठा अखंड लागतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळानंतर अमेरिकेतील फ्लोरिडात एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि उकाड्याने १२ वृद्धांचा बळी गेला. रुग्णालय अगदी समोर होते. त्यानंतर त्या राज्याने अशा संस्थांना पर्यायी वीजव्यवस्था सक्तीची केली.

म्हणूनच तंत्रज्ञानाचा पुढचा टप्पा अधिक मोठ्या आवाजाच्या इशाऱ्याचा नसून नोंदींच्या जोडणीचा आहे. पूररेषेचा नकाशा, संस्थांची ठिकाणे, रुग्णाची चालण्याची क्षमता, प्राणवायूची गरज, जवळची रुग्णवाहिका आणि रिकामी खाट ही माहिती जिल्हा नियंत्रण कक्षाला एकत्र दिसली, तर कोणाला हलवायचे आणि कोणाला जनित्राच्या भरवशावर जागेवर ठेवायचे, हे वेळेत ठरवता येईल. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता जपणे आणि वीज व मोबाइल सेवा खंडित झाल्यास वापरण्यासाठी छापील यादी ठेवणे, या दोन्ही अटी त्यात अनिवार्य ठराव्यात.

पश्चिम किनाऱ्यावर मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर चक्रीवादळांचा धोका संभवतो. यादी तयार करण्याची वेळ त्यापूर्वीची आहे. इशारा हाती आल्यानंतर उरतात ते केवळ काही तास.