विश्लेषण : बायकांनी खोलीत केलेला सिनेमा कपाटातच का राहिला?

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळाले, तेव्हा त्यांच्या आईची ओळख अनेक ठिकाणी ‘ज्येष्ठ चित्रकार’ एवढ्यावर आटोपली. ती चुकीची नाही, अपुरी आहे. नलिनी मलानी यांनी १९६९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, मुंबईत आठ आणि सोळा मिलिमीटर फिल्मवर प्रयोगपट केले होते. पुढे कित्येक दशके ते फारसे कुणी पाहिलेच नाहीत.

आठ मिलिमीटर म्हणजे काय?

चित्रपटगृहातला सिनेमा ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर होत असे. त्याला जड कॅमेरा, तंत्रज्ञांचा ताफा आणि पैसे घालणारा निर्माता लागे. कोडॅकने १९२३ मध्ये १६ आणि १९३२ मध्ये ८ मिलिमीटर फिल्म आणली ती हौशी लोकांसाठी. १९६५ मध्ये ‘सुपर ८’ आली. सुपर ८ च्या एका डबीत पन्नास फूट फिल्म, म्हणजे जेमतेम तीन मिनिटे. बारसे, वाढदिवस, सहलीसाठी खपवलेले हे यंत्र. पण ते चालवायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि बायकांच्या दृष्टीने नेमके हेच महत्त्वाचे होते. अमेरिकेत माया डेरेन यांनी १९४३ मध्ये पतीसोबत स्वतःच्या घरातच, सोळा मिलिमीटरवर ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला, तोही असाच.

मुंबईत काय घडले?

चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी १९६९ मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे केले. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकत्र येऊन प्रयोग करतील, ही कल्पना. जे. जे. मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मलानी तिथे होत्या.

त्यांची ‘ड्रीम हाउसेस’ आठ मिलिमीटरवरची. घरांची छोटी प्रतिकृती, तिच्यावर रंगीत प्रकाश आणि एकेक चौकट थांबवून घेतलेले चित्रण. स्वतंत्र भारत सगळ्यांना घर देईल, या नेहरूकाळातल्या आशेचे हे रंग. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी तिच्याशेजारी दुसरी, कृष्णधवल फिल्म ठेवली. त्यात एक तरुणी खिडकीतून खऱ्या मुंबईकडे बघते आहे. दोन्ही मिळून ‘युटोपिया’. आणीबाणीच्या वर्षात हा शेजार वेगळ्या टीकेची गरज ठेवत नाही.

‘ओनॅनिझम’ (१९६९) आणखी धीट. पलंगावर एकटी स्त्री आणि तिच्या शरीराची तगमग. त्या काळी असे दृश्य सेन्सॉरकडे न्यायची सोय नव्हती आणि कलादालनात फिल्म ही ‘कला’ धरली जात नव्हती. सिनेमावाल्यांच्या लेखी ते चित्रकाराचे उपद्व्याप, चित्रकारांच्या लेखी सिनेमा.

हरवण्याचे तांत्रिक कारण कोणते?

घरगुती आठ मिलिमीटर फिल्म बहुधा ‘रिव्हर्सल’ असे. म्हणजे निगेटिव्ह नाही. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच धुऊन प्रोजेक्टरवर चढते. जगात प्रत एकच, आणि दर खेळाला तिच्यावर ओरखडा. प्रत एकुलती एक असली की काय होते, याचे उदाहरण पदमसींचाच ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याची प्रत हरवली आणि फिल्म संपली. पुढे अशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये त्या हरवलेल्या फिल्मवरच फिल्म केली!

याउलट ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने सोळा मिलिमीटरवर केलेले, पुण्यातल्या घरकामगारांवरचा ‘मोलकरीण’ (१९८१) आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरचा ‘तंबाखू चाकिला ओब आली’ (१९८२) आज डिजिटल रूपात पाहता येतात. मागे चळवळ होती. खोलीत एकटीने केलेल्या फिल्ममागे ती नसते.

नागपूरकरांचा संबंध काय?

या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा यांनी तो कुजतो आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि लगेच पावसाळा, हे नागपूरच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यासाठी सर्वांत वाईट हवामान. वास एकदा सुरू झाला की उलटवता येत नाही, फक्त लांबवता येतो. त्यामुळे असे रीळ इतरांपासून वेगळे, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नये. आकसलेली पट्टी तिथेच तुटते. एकेक चौकट स्कॅन करून घेणे हाच मार्ग. शंका असल्यास पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करता येते.

डबा उघडला की आधी त्यावरचे हस्ताक्षर पाहावे. खोके फेकू नये. आणि सगळे घर दिसते पण आई किंवा आत्या कुठेच दिसत नाही, अशी रिळे वेगळी काढून ठेवावीत. त्या वेळी कॅमेरा कुणाच्या हातात होता, हे सांगू शकणारी माणसे अजून घरात असतील, तर ते नाव खोक्यावर आजच लिहून घ्यावे.