विश्लेषण : आगीनंतर घरातले वायरिंग कुठपर्यंत बदलायचे?

सदनिकेला आग लागली, माणसे बचावली, पंचनामा झाला. मग घाई असते ती पुन्हा राहायला जाण्याची. जळालेल्या खोलीच्या वायरी बदला, भिंती घासून रंग मारा आणि वीज सुरू करा, असा सोपा हिशेब सांगितला जातो. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या पालीसारख्या गावातल्या अपार्टमेंटलाही हा हिशेब महागात पडू शकतो.

न जळालेल्या खोलीचे काय?

वायरीवरचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असते. ज्वाळा पोहोचल्या नाहीत तरी आगीत छताजवळची हवा त्याहून कितीतरी तापते आणि आपले पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. शिवाय पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. कोकणच्या दमट हवेत त्याचे आम्ल होऊन ते शेजारच्या खोलीतल्या सॉकेटच्या तांब्या-पितळेवर बसते. काही महिन्यांनी तो जोड तापू लागतो, तेव्हा त्याचा संबंध आगीशी कुणी लावत नाही. म्हणून जळालेल्या खोलीचे प्रत्येक सर्किट थेट डीबीपर्यंत नवे ओढावे आणि धूर शिरला तिथले स्विच-सॉकेटही बदलावेत. चांगल्या दिसणाऱ्या जुन्या वायरीला नवी जोडून पाइपात ढकलणे ही बचत नव्हे. काम सुरू करताना मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद हवा. त्याच्या वायरी मेन पाडल्यावरही जिवंत असतात.

नियम काय सांगतात?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०२३ मध्ये नव्याने आले. घरगुती जोडणीसाठी गळती-संरक्षणाची मर्यादा त्यांत ३० मिलिअँपिअर आहे. वायरिंगची पद्धत आयएस ७३२ या २०१९ मध्ये सुधारलेल्या मानकात सापडते. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी.

खरी गोम इथेच आहे. आरसीसीबी बसवला की तो सारखा पडतो, अशी तक्रार येते. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. पावसाळ्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतलेला असतो, त्याचेही न्यूट्रल त्यातच गुंतवलेले. गेलेला प्रवाह त्याच वाटेने परत आला नाही, की आरसीसीबी त्याला गळती समजतो. मग 'पीस खराब आहे' म्हणून तो बायपास होतो. आगीनंतर भिंती तशाही फोडायच्या असतात. न्यूट्रल वेगळे करायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

अर्थिंग मात्र एकट्या घरमालकाच्या हाती नसते, ते इमारतीचे असते. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, त्यामुळे ते मे महिन्यात मोजावे. ऑगस्टमधला चांगला आकडा फसवा असतो.

मीटरच्या पुढचे वायरिंग ग्राहकाची जबाबदारी, त्यामुळे महावितरणकडे बोट दाखवून सुटका नाही. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. पुट्टी भरण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून ते किमान १ मेगओहम असल्याचा सहीचा अहवाल मागावा. भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाने त्याची प्रत भाडेकरूला द्यावी आणि सोसायटीनेही एक प्रत दप्तरी ठेवावी. त्या मजल्याखाली-वर आणखी कुटुंबे झोपतात.