तीन सेकंदांची ओळख, वर्षांचा विलंब

माणसाच्या डोक्यावरून टिपता येणारा मेंदूचा विद्युत्-संकेत व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकाच असतो. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये तो प्रथम टिपला आणि १९२९ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा अनेक जाणकारांनी त्याकडे अविश्वासानेच पाहिले. पुढे १९३५ मध्ये बॉस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने उमटणाऱ्या ठराविक लहरी दाखवून दिल्या. ज्या व्याधीला शतकानुशतके दैवी कोप अथवा भूतबाधा समजण्यात आले, तिची नोंद अशा रीतीने कागदाच्या पट्टीवर होऊ लागली.

त्या पट्टीचे वाचन मात्र दीर्घकाळ तज्ज्ञाच्या डोळ्यांवरच अवलंबून राहिले. डोळ्याची उघडझाप, घास चावणे, मान हलवणे यांचेही संकेत आलेखात मिसळतात. शिवाय एका रुग्णाच्या झटक्याची लहर दुसऱ्याच्या लहरीसारखी असतेच असे नाही. एमआयटी या अमेरिकन संस्थेतील अली शोएब यांनी बॉस्टनच्या बालरुग्णालयाच्या सहकार्याने केलेल्या संशोधनाचे मर्म येथेच आहे. सर्वांना एकच निकष लावण्याऐवजी प्रत्येक रुग्णाच्या पूर्वीच्या झटक्यांवरून संगणकाला त्या रुग्णापुरते शिकवावे, असा मार्ग त्यांनी पत्करला. जॉन गटॅग यांच्यासमवेत २०१० मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष लक्षणीय आहेत. २४ रुग्णांच्या ९१६ तासांच्या आलेखांत आलेल्या १७३ झटक्यांपैकी ९६ टक्के झटके या पद्धतीने ओळखले. झटका सुरू झाल्यापासून तो ओळखण्यास लागलेला मध्यक वेळ ३ सेकंद होता, आणि खोट्या इशाऱ्यांचे मध्यक प्रमाण २४ तासांत २ एवढे होते.

हे यश मोठे आहे यात शंका नाही. परंतु ज्या रुग्णाचा आलेख कधी काढलाच जात नाही, त्याला या तीन सेकंदांचा उपयोग काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व उपचार झाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तरीही अल्प उत्पन्नाच्या देशांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना आवश्यक उपचार मिळत नाहीत. याचे कारण केवळ औषधाची किंमत हे नव्हे. १९१२ पासून वापरात असलेले फिनोबार्बिटल हे औषध आजही अत्यंत स्वस्त आहे.

उपचारांच्या मार्गातील दुसरा अडसर लज्जेचा आहे, आणि आपल्या देशात तर त्या लज्जेला काही काळ कायद्याचेही पाठबळ होते. माँट्रियल येथील गॉटमन आणि ग्लूर यांनी संगणकाकडून अपस्माराच्या लहरी ओळखून घेण्याची पद्धत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी हिंदू विवाह कायद्यातील दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला बसवून विवाहास बाधक ठरविले. हा कलंक कायद्यातून पुसला जाण्यास १९९९ साल उजाडावे लागले. लोकांच्या मनातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. फेफरे आलेल्या माणसाला कांदा अथवा जोडा हुंगवणारे आजही भेटतात, आणि उपवर मुलीची औषधे पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेवणारी घरेही दिसतात.

जो रुग्ण लपविला जातो तो मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाचा साठा अखंड ठेवणे ही पहिली गरज होय, कारण औषध एकाएकी बंद पडल्यास झटके उलटतात. अपस्माराचे निदान मुख्यतः झटका पाहणाऱ्याने केलेल्या वर्णनावर आधारलेले असल्याने केंद्रातील डॉक्टरला त्याचे शिक्षण देणे ही दुसरी गरज. यंत्राची मदत ही या दोहोंच्या पाठोपाठ यावयास हवी. त्यांच्या जागी नव्हे.

शाळेचे कामही कमी महत्त्वाचे नाही. १९३५ च्या त्या लहरी ज्या प्रकारात दिसल्या, त्यात मूल पडत नाही. काही क्षण शून्यात पाहते आणि पुन्हा भानावर येते. वर्गात अशा मुलाला अनेकदा लक्ष नाही म्हणून शिक्षा होते. हे मूल ओळखण्यासाठी संगणकाची आवश्यकता नाही. त्याला शिक्षा करण्याऐवजी पालकांना बोलावून घेणारा शिक्षक पुरेसा आहे.