गिऱ्हाइकाची चप्पल पाहून वागू नका



लग्नसराई सुरू झाली की तालुक्याच्या बाजारपेठेत कापड दुकानदारांना उसंत नसते. पण त्या गर्दीत कुणाला गादीवर बसवायचं आणि कुणाला उभं ठेवायचं, हे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आतच ठरलेलं असतं. त्याबद्दल हे पत्र.

परवा एका दुकानात बस्ता बांधायला दोन घरची माणसं आली होती. गाडीतून उतरलेल्यांसाठी लगेच चहा आला, घड्यांवर घड्या मोडल्या गेल्या, पदर अंगावर लावून दाखवले गेले. दुसरी बाई खेड्यावरून आलेली, पायांत झिजलेली स्लिपर. तिनं काचेतल्या पैठणीकडे बोट दाखवलं, तर सेल्समन जागेवरूनच म्हणाला, "मावशी, ती महाग आहे. तुमचं तिकडे बघा." 'तिकडे' म्हणजे सेलचा ढीग. निघताना पिशवी उघडून पाहिली गेली, तीही फक्त तिचीच. बाई काही बोलली नाही. लेकीच्या लग्नाची खरेदी होती, तिथं भांडण कोण काढणार?

आपल्या घटनेच्या कलम 15(2) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानात प्रवेश नाकारण्याला मनाई आहे. विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्याही आधी तिथं दुकानांचा उल्लेख येतो. पायरीखाली उभं राहून लांबून टाकलेला माल उचलावा लागणारी पिढी घटना लिहिली गेली तेव्हा हयात होती. आज जात कुणी विचारत नाही, कपडे पाहिले जातात. पण झिजलेली चप्पल आपल्याकडे बहुतेक कुणाच्या पायात असते, हे सांगायला नको.

जुलै 2024 मध्ये बंगळूरूच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला आत सोडलं नाही, तेव्हा कर्नाटक सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. तिथं प्रवेशच नाकारला होता, म्हणून बोट ठेवता आलं. आत घेऊन केलेल्या अपमानाची तक्रार कुठं करायची?

दुकानदार म्हणतात, वेळ कमी असतो, चोऱ्या होतात. वेळ कमी असेल तर नंबर लावा, आधी आलेल्याला आधी दाखवा. चोरीची भीती असेल तर सगळ्यांच्याच पिशव्या तपासा. प्रत्येक साडीवर किंमत ठळक लावली, तर परवडतं की नाही हे गिऱ्हाईक स्वतःच ठरवील. सेल्समनला मी फारसा दोष देत नाही. तोही दिवसभर उभा असतो, पगार तुटपुंजा, आणि 'मोठं गिऱ्हाईक सोडू नकोस' ही ताकीद मालकाचीच असते. त्याला नीट बसायला स्टूलही मिळत नाही. केरळनं 2018 मध्ये दुकानातल्या कामगारांच्या बसण्याच्या हक्कासाठी कायद्यात दुरुस्ती केली, ती याचसाठी.

बिलाचंही तेच. गाडीवाल्याला न मागता पक्कं बिल, साध्या माणसाला चिठ्ठी. मग माल सदोष निघाला की 'पुरावा कुठाय?' 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

व्यापारी संघटनांनी या हंगामात तरी आपल्या सभासदांना दोन गोष्टी बजावाव्यात: प्रत्येकाला नंबरानं माल दाखवा आणि न मागता पक्कं बिल द्या. आणि आपल्यासमोर कुणाला असं ढिगाकडे पाठवलं जात असेल, तर शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकांनी चहाचा कप खाली ठेवून मालकाला तिथंच जाब विचारावा.

– एक वाचक, बार्शी