सरकारी गाड्यांचा धूर आणि आपल्या मिस्त्रीची रोजी

तहसील कचेरीची जीप, नगरपालिकेची कचरागाडी, साहेबांची मोटार, एस.टी.ची बस. या गाड्या जनतेच्या पैशाने विकत घेतल्या जातात, जनतेच्याच पैशाने त्यांत डिझेल भरले जाते आणि त्यांचा धूर जनतेच्याच छातीत जातो. आता या गाड्या बदलू लागल्या आहेत. आपले व्यापारी आणि कारागीर बांधव ही पर्यावरणवाल्यांची बातमी म्हणून पान उलटतील, अशी भीती वाटते. ही धंद्याची बातमी आहे. गॅरेज, बॅटरी, टायर, सीट-कव्हर, डेंटिंग-पेंटिंग आणि भंगार या धंद्यांत आपले किती हात गुंतलेले आहेत, हे आपल्याला सांगायला नको.

काय ठरले?

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले. पाठोपाठ, १ जानेवारी २०२२ पासून सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी विकत किंवा भाड्याने घ्यायची नवी गाडी इलेक्ट्रिकच असावी, असे जाहीर झाले. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एस.टी.ची पहिली इलेक्ट्रिक बस ‘शिवाई’ धावली.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाडीची नोंदणी पुढे चालू राहणार नाही, असे तिने ठरवले. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या. देशभरात अशा ९ लाखांहून अधिक सरकारी गाड्या मोडीत निघतील, असे नितीन गडकरी यांनी तेव्हा सांगितले होते.

हिशेब मांडून पाहू

आपण व्यापारी माणसे. घोषणेपेक्षा हिशेबावर आपला भरवसा जास्त. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नसते, मग २.७ किलो कुठून आले? डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू सोबत घेतो, म्हणून वजन वाढते. हा वायू काळ्या धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही, पण पृथ्वीची उष्णता अडवून धरतो.

सरकारी जीप वर्षाला २० हजार किलोमीटर पळते आणि लिटरला १२ किलोमीटर देते असे धरा. वर्षाचे डिझेल झाले जवळजवळ १,६७० लिटर आणि वायू साडेचार टन. तेवढेच अंतर इलेक्ट्रिक गाडीने कापले आणि चार्जिंगची गळती धरून एका युनिटला ६ किलोमीटर मिळाले, तर वीज लागेल सुमारे ३,३०० युनिट. आपल्या देशात वीज अजून मुख्यतः कोळशावर होते. एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास वायू सुटतो. म्हणजे वर्षाला सव्वादोन ते अडीच टन. वायू निम्म्यावर येतो, शून्यावर येत नाही. ‘शून्य प्रदूषण’ असे गाडीवर रंगवले म्हणून कोळशाचा धूर नाहीसा होत नाही, तो वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो. कचेरीच्या छपरावर सौर पॅनेल बसवून दिवसा गाडी चार्ज केली, तर मात्र खरी बचत होईल.

दुसरी गोष्ट, फायदा गाडी पळाली तरच होतो. नवी इलेक्ट्रिक गाडी आवारात उभी आहे आणि साहेब भाड्याच्या डिझेल गाडीने दौऱ्यावर निघाले आहेत, अशा कारभारात धूर तसाच राहतो आणि पैसे दुप्पट जातात.

गाडी बंद पडली तर?

ही नुसती शंका नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखालील ई.ई.एस.एल. कंपनीने २०१७ साली सरकारी खात्यांसाठी १० हजार इलेक्ट्रिक मोटारींचे टेंडर काढले. पुढे चार्जिंगची सोय अपुरी, एका चार्जमध्ये गाडी पुरेशी पळत नाही, अशा तक्रारी झाल्या आणि गाड्या रस्त्यावर आणण्याची गती फार मंद राहिली. कागदावर आकडा मोठा असला तरी धूर त्या प्रमाणात घटला नाही.

आमचे सांगणे येथेच आहे. तालुक्याच्या गावी डिझेल जीप बंद पडली तर चार पावलांवर मिस्त्री सापडतो. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली तर ती टेम्पोवर चढवून जिल्ह्याला किंवा मुंबई-पुण्याला न्यावी लागेल. तोवर काम कोण करणार? तीच जुनी डिझेल गाडी. म्हणून मिस्त्रीला नवे काम शिकवणे हा त्याच्यावरचा उपकार नव्हे. त्याच्याशिवाय सरकारची योजनाच पांगळी राहील.

आज चालले आहे उलटे. शहरांच्या इलेक्ट्रिक बससेवा मोठ्या प्रमाणावर कंत्राटावर दिल्या जातात. बस कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, दुरुस्तीही कंपनीची आणि पालिका किलोमीटरमागे दर मोजते. एकदम मोठे भांडवल घालावे लागत नाही, हा त्यातला फायदा आम्ही नाकारत नाही. पण डेपोभोवती जी छोटी वर्कशॉपे जगत होती, त्यांची या करारात कुठेच नोंद नसते.

भंगार बाजाराचेही तेच. पूर्वी कचेरीच्या आवारात जुन्या गाडीचा लिलाव होई. आपला भंगारवाला बोली लावून ती घेई आणि सुटे भाग बाजारात फिरत. आता १५ वर्षांपुढील सरकारी गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडायची आहे. जुने इंजिन दुसऱ्या गाडीत बसून पुन्हा धूर ओकू नये, हा हेतू रास्त आहे. तेल आणि बॅटरीचे ॲसिड गटारात जाऊ नये, हेही रास्तच. पण अशा केंद्राला जागा, यंत्रे आणि परवाने लागतात. एकट्या दुकानदाराच्या ऐपतीबाहेरची ही गोष्ट आहे.

सरकारने काय करावे, आपण काय करावे

सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, इलेक्ट्रिक गाड्यांच्या करारात टायर, सीट, बॉडी, काच आणि एअर-कंडिशनरचे काही काम स्थानिक नोंदणीकृत गॅरेजला देण्याची अट असावी. केंद्रीय खात्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावी, असे धोरण आहेच. तोच न्याय येथे लावावा. दुसरी, एस.टी. डेपो आणि आय.टी.आय. येथे कामावरच्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू करावेत. २०२३ च्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, शिंपी आहे, पण मोटार मेकॅनिक नाही. ही उणीव भरून काढावी. तिसरी, नुसत्या गाड्या मोजू नयेत. कोणत्या खात्याने किती डिझेल वाचवले, हे दरवर्षी जाहीर करावे.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या टॅक्सी सी.एन.जी.वर आल्या, तेव्हा ज्यांनी किटचे काम लवकर शिकून घेतले त्यांचे दुकान चालले. जे ‘हे टिकणार नाही’ म्हणत बसले, ते मागे पडले. या वेळी बदल त्याहून मोठा आहे. इंजेक्टर, क्लच, सायलेन्सर, ऑइल-फिल्टर ही कामे घटत जाणार. सस्पेन्शन, टायर, वायरिंग, बेअरिंग, डेंटिंग-पेंटिंग राहणार. बॅटरीची तपासणी, मोटार आणि कंट्रोलरचे काम नव्याने येणार. मात्र एक इशारा देतो. या गाड्यांतील नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. रीतसर शिकल्याशिवाय आणि रबरी हातमोज्यांशिवाय कोणी तिला हात लावू नये. उस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकण्याची आपली रीत येथे जिवावर बेतेल.

म्हणून गॅरेजवाल्यांनी आधी उद्यम नोंदणी करून घ्यावी, म्हणजे सरकारी कामासाठी अर्ज तरी करता येईल. मुलगा किंवा हाताखालचा पोरगा आय.टी.आय.च्या इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकच्या वर्गात घालावा. भंगार व्यापाऱ्यांनी एकेकटे रडण्यापेक्षा आठ-दहा जणांनी भागीदारी किंवा सहकारी संस्था करून स्क्रॅपिंग केंद्राचा विचार करावा. आणि जी डिझेल गाडी आज आपल्या हाताखाली आहे, तिचे इंजेक्टर नीट करावे, एअर-फिल्टर बदलावा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवावी. यानेही डिझेल वाचते, आणि त्यासाठी कोणत्या टेंडरची वाट पाहावी लागत नाही.

धूर कमी झालाच पाहिजे. डेपोच्या आणि हमरस्त्याच्या कडेला आपलीच घरे आहेत, खोकणारी मुले आपलीच आहेत. पण धुराबरोबर मिस्त्रीही हद्दपार झाला, तर उद्या या नव्या गाड्यांना धक्का मारायलाही कोणी मिळणार नाही.