काटा खाली आला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

सकाळी सिव्हिक सेंटरहून निघालात तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा साठावर होता. जीई रोडने रायपूरला जाऊन आलात, सुपेला चौकात गाडी थांबली आणि पाहता तर काटा वीसच्याही खाली! जुनी स्पोर्ट्‌स कार घरात नवीनच आली असेल, तर पोटात गोळा येणारच. गॅरेजमधलं वाक्यही ठरलेलं असतं: "इंजन खोलना पड़ेगा." ते काम खर्चाचं, शिवाय अशा गाडीचे सुटे भाग मिळवायला महिने जातात. म्हणून होकार देण्याआधी काटा नेमकं काय सांगतो ते बघू.

उदाहरणाला एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही इंग्रजी गाडी. कंपनीच्या पुस्तिकेत चालत्या गाडीसाठी ५० ते ८० पौंड आणि उभ्या गाडीत इंजिन सावकाश फिरत असताना १० ते २५ पौंड दाब योग्य म्हटला आहे. म्हणजे तुमचे पंधरा पौंड ठीकच आहेत. तुमच्या गेजवर आकडे किलोमध्ये असतील, तर एक किलो म्हणजे साधारण १४ पौंड.

गेज तेल किती आहे ते सांगत नाही. ते काम डिपस्टिकचं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की आत दाब वाढतो, सैल सोडला की कमी होतो. इंजिनातही तसंच. पंप तेल ढकलतो आणि बेअरिंगच्या बारीक फटी त्याला अडवतात. तेल थंड आणि घट्ट असेल तर दाब जास्त, तापून पातळ झालं की कमी. इंजिनाचे फेरे कमी झाले की पंपही हळू फिरतो, दाब आणखी उतरतो. पण उभ्या गाडीत बेअरिंगवर भारही थोडाच असतो, त्यामुळे तेवढं पुरतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ वर जातो, तेव्हा डिसेंबरपेक्षा काटा खाली दिसला तर नवल नाही.

म्हणून खरी परीक्षा गरम इंजिनावरच घ्यायची. अर्धा-पाऊण तास गाडी चालवा, मग ३००० फेऱ्यांवर काटा कुठे आहे ते बघा. दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड हा जुन्या मिस्त्र्यांचा ढोबळ हिशेब. तारीख, हवा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. आज पन्नास आणि वर्षभरानं, तशाच हवेत, तशाच फेऱ्यांवर पस्तीस, तर बेअरिंगच्या फटी वाढत चालल्याची शंका घ्यायला जागा आहे.

अशा वेळी कुणीतरी जास्त घट्ट तेल टाकायला सुचवतं. काटा वर येतो, मन शांत होतं. झिजलेलं बेअरिंग मात्र झिजलेलंच राहतं. शिवाय गार इंजिनात घट्ट तेल सगळीकडे पोचायला वेळ लागतो. एमजीबीला आपल्या हवेत २०डब्ल्यू-५० चांगलं चालतं, तेच ठेवा.

वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा एकदम पडून परत वर आला, तर आधी डिपस्टिक ओढा. बहुधा तेल कमी असतं आणि पंप हवा ओढतो. आणि चालत्या गाडीत काटा शून्यावर गेला तर? तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. "दोनच किलोमीटर राहिलंय" म्हणू नका. एवढ्यात क्रँकशाफ्ट कायमचा खराब होतो. टोचन लावून न्या.

गेजवरही डोळे झाकून विश्वास नको. माझदाच्या एमएक्स-५ या स्पोर्ट्‌स कारमध्ये सुरुवातीला खरा गेज होता. १९९५ पासून तो नुसता दिव्यासारखा झाला: थोडासा दाब असला की काटा मधोमध जाऊन बसतो, चढउतार दाखवतच नाही. मालक काटा हलताना बघून घाबरायचे म्हणून असं केलं, असं म्हणतात. मला ही फसवणूकच वाटते.

सुरुवातीच्या एमजीबीत इंजिनातलं तेल बारीक नळीनं थेट डॅशबोर्डपर्यंत येतं. ती नळी चेपली किंवा तुंबली तरी काटा खोटं बोलतो. म्हणून मिस्त्रीनं "खोलना पड़ेगा" म्हटलं की त्याला आधी दुसरा, चांगला चालणारा गेज इंजिनावर लावून दाब मोजायला सांगा. नंतर रिलीफ व्हॉल्व्ह काढून बघायला सांगा. त्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग थकली, तरी दाब पडतो आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. या दोन्ही गोष्टींनंतरही गरम इंजिनावर आकडा कमीच आला, तर मग खर्चाचं बोला.